डोंगरीचा तुरुंग आणि समाजकार्याचे शिक्षण

कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या बदनामीच्या खटल्यात 1882 साली चार महिन्यांची कैद झालेले टिळक आणि आगरकर हे दोन तरुण संपादक ज्या डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस राहिले, आणि ज्या मुक्कामाची हकीकत आगरकरांनी पुढे पुस्तकरूपाने लिहून ठेवली, तो तुरुंग मराठी वाचकाला नावाने तरी ठाऊक असतो. परंतु त्याच उमरखाडीच्या आवारात पुढे, 1927 साली स्थापन झालेल्या चिल्ड्रेन्स एड सोसायटीने, रस्त्यावर सापडलेल्या, हरवलेल्या, टाकून दिलेल्या आणि चोरीमारीत धरलेल्या मुलांसाठी रिमांड होम चालविले, ही गोष्ट राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत सहसा येत नाही. तुरुंगाचे बालगृह झाले यात सुधारणा पाहणारे पाहतात, आणि ते सर्वस्वी चूक नाही. मात्र त्या फाटकातून कोणी आत यावे, किती मुदत राहावे आणि कोणाच्या हवाली होऊन बाहेर जावे, हे ठरविणाऱ्या माणसांत पूर्वी नसलेल्या एका माणसाची तेव्हापासून भर पडली, ती म्हणजे समाजसेवकाची.

समाजकार्याच्या महाविद्यालयांतून कायदा शिकविला जातो, पण बहुधा कलमांची आणि सालांची जंत्री म्हणून. आणि विद्यार्थीही, वकिलाचे काम वकिलाने करावे, आमचा संबंध माणसांशी आहे, अशी समजूत उराशी बाळगून तो परीक्षेपुरता पाठ करतात व पदवी हाती पडताच विसरतात. मुंबईचा अनुभव या समजुतीच्या नेमका उलट आहे. या शहरात समाजकार्य हा पगारी पेशा म्हणून जो उभा राहिला, तो बऱ्याच अंशी कोर्टाच्या पायरीवर उभा राहिला, आणि कायद्याने त्याच्या हाती दिलेली सत्ता ही त्याच्या करुणेहून वयाने लहान असली तरी बळाने नेहमीच मोठी होती.

त्यापूर्वीच्या पिढीला ही गोष्ट कोणी शिकवावी लागली नाही. 1865 साली मुंबईत पुनर्विवाहोत्तेजक मंडळी स्थापणारे विष्णुशास्त्री पंडित, आणि स्वतः न्यायाधीशाच्या खुर्चीवर बसणारे माधवराव रानडे, यांना 1856 चा विधवाविवाहाचा कायदा केवळ उपकारक म्हणून ठाऊक असून भागण्यासारखे नव्हते. त्या कायद्याने पुनर्विवाह वैध केला हे खरे. पण त्याच्याच दुसऱ्या कलमाने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरील हक्क, जणू ती स्वतःच मरण पावली आहे असे समजून, संपुष्टात आणला. आणि तिसऱ्या कलमाने, नवऱ्याने मृत्युपत्रात पालक नेमून ठेवला नसेल तर, त्याच्या आप्तांना कोर्टात अर्ज करून तिची मुले दुसऱ्या पालकाच्या स्वाधीन करवून घेण्याची वाट मोकळी ठेवली. ज्या सुधारकाने एखाद्या तरुण विधवेला लग्नाला राजी करताना ही दोन कलमे तिला सांगितली नसतील, त्याने तिचे अर्धेच हित पाहिले असे म्हणावे लागेल. रस्ता दाखविणाऱ्याने रस्त्यावरचा खड्डाही दाखवावा लागतो, एवढा साधा व्यवहार त्यात आहे.

मुलांच्या बाबतीत मात्र खड्डाच रस्ता म्हणून दाखविला जाण्याचा धोका आरंभापासून होता. 1850 च्या उमेदवारीविषयक कायद्याने दहा ते अठरा वर्षांच्या अनाथ वा गरीब मुलाला धंदा शिकण्यासाठी सात वर्षांपर्यंतच्या कराराने बांधून घेण्याची सोय केली, आणि आईबापांनी टाकलेल्या अथवा भटकेगिरीबद्दल दोषी ठरलेल्या मुलाच्या बाबतीत दंडाधिकाऱ्यालाच पालकाचे सर्व अधिकार दिले. मुंबईत डेव्हिड ससून यांच्या देणगीने 1857 च्या सुमारास नव्या रूपात आलेली, आणि पुढे माहीमला स्थिरावलेली, औद्योगिक सुधारशाळा याच काळातली. त्यानंतर 1876 चा आणि सुधारून केलेला 1897 चा सुधारशाळांचा कायदा आला. त्याप्रमाणे पंधरा वर्षांच्या आतील मुलाला तुरुंगाऐवजी सुधारशाळेत पाठवायचे झाले तर ते तीन वर्षांहून कमी नाही आणि सात वर्षांहून अधिक नाही, अशा मुदतीने. म्हणजे ज्या किरकोळ चोरीबद्दल मोठ्या माणसाला काही आठवड्यांची सजा होऊन तो पुन्हा बाजारात दिसू लागे, त्याच चोरीबद्दल पोराचे सबंध पोरवय सरून जाई. आणि याला कोणी शिक्षा म्हणत नसल्यामुळे शिक्षेविरुद्ध जी तक्रार करता येते ती करण्याचे कोणाच्या मनातही येत नसे.

1919-20 च्या तुरुंगसमितीने मुलांसाठी स्वतंत्र न्यायालये आणि स्वतंत्र निवासस्थाने हवीत असे सुचविल्यानंतर मद्रासने 1920 साली, बंगालने 1922 साली आणि मुंबई इलाख्याने 1924 साली मुलांविषयीचे कायदे केले. मुंबईच्या कायद्याचे वैशिष्ट्य असे की गुन्हा केलेला मुलगा आणि ज्याच्यावर अन्याय झाला आहे असा निराधार मुलगा, या दोघांनाही त्याने एकाच उंबरठ्यावर आणून उभे केले. हेतू उदात्त होता: दोघांची दुःखे एकाच मुळातून आलेली आहेत, तेव्हा दोघांना एकाच मायेने वागवावे. परंतु माया कायद्याच्या भाषेत लिहिली म्हणजे तिलाही फाटक, पहारा, हजेरी आणि मुदत ही येतातच. आणि ज्याने कोणाचे काही चोरले नव्हते अशा पोरालाही, केवळ त्याची आई इस्पितळात आणि बाप बेपत्ता म्हणून, डोंगरीचे फाटक आतून पाहावे लागे.

हा कायदा चालवायचा तर मुलाच्या घरी जाणारा, शेजाऱ्यांशी बोलणारा, शाळामास्तरांना भेटणारा आणि हे सारे लिहून कोर्टापुढे रुजू करणारा माणूस हवा होता. पोलीस त्या कामाचे नव्हते, आणि दानशूर शेटजींच्या मंडळींना रोज उठून कामाठीपुऱ्याच्या चाळी चढणे शक्य नव्हते. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे नागपाड्याच्या नेबरहूड हाउसमधून याच वस्त्यांत काम करीत होते. दयाबुद्धी पुष्कळ आहे पण कसब नाही, हे त्यांनी पाहिले. आणि त्यांच्या आग्रहातून सर दोराबजी टाटा न्यासाच्या पैशावर 1936 साली समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय नागपाड्यातच सुरू झाले. या देशातील ते पहिले. 1944 साली त्याचे नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले, आणि 1954 साली ती देवनारला गेली. तोवर 1938 चा मुंबईचा परिवीक्षा कायदा होऊन मोठ्या गुन्हेगारांच्या बाबतीतही परिवीक्षा अधिकारी, म्हणजे प्रोबेशन ऑफिसर, हे पद रूढ झाले होते, आणि 1948 च्या कारखाने अधिनियमाने पाचशे वा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे भाग पाडले होते. विद्यालयातून बाहेर पडणाऱ्या पदवीधराला पगार देणाऱ्या पुष्कळशा जागा अशा रीतीने कुठल्या ना कुठल्या कायद्याच्या कलमानेच निर्माण केलेल्या होत्या, हे त्या पदवीधराच्या लक्षात येवो वा न येवो.

परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल हा दस्तऐवज येथे जवळून पाहण्यासारखा आहे. त्यात नाव, वय, घरची माणसे, मिळकत, राहण्याची जागा, शिक्षण, संगत, सवयी असे रकाने असतात आणि शेवटी शिफारस असते. गृहभेटीस गेलेल्या अधिकाऱ्याला शेजारीण सांगते की पोरगा उनाड आहे, रात्री उशिरा येतो. दुकानदार म्हणतो, त्याची नजर बरी नाही. हेच शब्द साक्षीदार म्हणून कोणी कोर्टात बोलला असता तर बचावाच्या वकिलाने उलटतपासणीत विचारले असते की तू स्वतः काय पाहिलेस, केव्हा पाहिलेस, तुझे आणि याच्या बापाचे पाण्यावरून भांडण आहे की नाही. अहवालात मात्र ते शब्द संगत आणि सवयी या रकान्यांत जाऊन बसतात, त्यांवर अधिकाऱ्याची सही होते, आणि ऐकीव गोष्ट अभ्यासाचा निष्कर्ष होऊन दंडाधिकाऱ्याच्या मेजावर पडते. 1958 च्या परिवीक्षा अधिनियमाने एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराला कैदेत पाठविण्यापूर्वी असा अहवाल मागविणे कोर्टावर बंधनकारक केले. त्याच अधिनियमाच्या सातव्या कलमाने तो अहवाल गोपनीय ठरविला, आणि कोर्टाला वाटले तर त्यातील सारांश आरोपीला कळवून त्यावर पुरावा देण्याची संधी द्यावी, एवढीच सवलत ठेवली. आपण लिहिलेल्या वाक्याला उत्तर देण्याची संधी समोरच्याला मिळेलच असे नाही, हे ज्याला ठाऊक आहे तो शेजारणीचे म्हणणे शेजारणीचे म्हणून लिहील आणि आपले पाहणे आपले म्हणून. ज्याला ठाऊक नाही तो दोन्ही एकाच शाईत कालवील.

वयाचा रकानाही असाच. तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वाधिक निर्णायक असतो. 2015 च्या बाल न्याय अधिनियमाच्या 94 व्या कलमाने यासाठी पायऱ्या घालून दिल्या आहेत: प्रथम शाळेचा जन्मतारखेचा दाखला अथवा शालान्त परीक्षेचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महापालिका, नगरपालिका वा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि यांपैकी काहीच नसेल तरच हाडांच्या तपासणीवरून वैद्यकीय अनुमान. हाडे वय सांगतात ते वर्ष-दोन वर्षे मागेपुढे करून, आणि सतरा की अठरा हाच तर वादाचा मुद्दा असतो. तेव्हा कलम जाणणारा कार्यकर्ता पहिल्या दिवशी गावच्या शाळेला फोन लावतो, मास्तरांकडून जन्मतारखेचा दाखला मागवितो. न जाणणारा मुलाला घेऊन इस्पितळाच्या रांगेत उभा राहतो, आणि त्याच्या सद्भावनेत तसूभरही उणे नसताना मुलगा प्रौढांच्या कोर्टात जातो.

मुलांच्या न्यायालयात वकील नको, ही कल्पना त्या काळच्या सुधारकांना फार प्रिय होती. वकील आला की वाद येतो, वाद आला की माया जाते, असा तो विचार. केंद्रशासित प्रदेशांसाठी केलेल्या 1960 च्या मुलांविषयीच्या अधिनियमात तर बालकल्याण मंडळापुढे विशेष परवानगीवाचून वकिलाला उभे राहण्याचा हक्कच ठेवला नव्हता. ही कल्पना मूळची अमेरिकेची. मुलांचे पहिले न्यायालय 1899 साली शिकागोत निघाले, आणि नागपाड्याच्या विद्यालयाची वैचारिक नाळही मॅनशार्ट यांच्यामार्फत बरीचशी त्याच शहराशी जुळलेली होती. त्याच अमेरिकेत, ॲरिझोना राज्यात, शेजारच्या बाईला टेलिफोनवरून अश्लील बोलल्याच्या आरोपावरून जेराल्ड गॉल्ट या पंधरा वर्षांच्या मुलाला, वकील नाही, तक्रारदार समोर नाही, अशा मायाळू चौकशीनंतर एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारशाळेत धाडण्यात आले. प्रौढाने हेच केले असते तर त्याला पाच ते पन्नास डॉलर दंड अथवा फार तर दोन महिने कैद झाली असती. 1967 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने हा प्रकार रद्दबातल ठरवून मुलांनाही आरोपाची सूचना, वकील आणि उलटतपासणी यांचा हक्क आहे असा निर्णय दिला. आपल्या सुधारशाळांच्या कायद्यातील तीन ते सात वर्षे ज्याने वाचली आहेत त्याला गॉल्टची कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

हा सगळा दोष समाजसेवकाच्या माथी मारणे मात्र न्यायाचे होणार नाही, कारण त्याच अहवालाने दुसऱ्या हातात गेल्यावर काय केले याचे उदाहरण मुंबईतच आहे. शीला बारसे या पत्रकार महिलेने 1982 च्या सुमारास मुंबई मध्यवर्ती कारागृहातील पंधरा स्त्री-कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी आपल्याला पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले, आणि बारसे यांनी ही कैफियत पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळविली. न्यायालयाने ते पत्रच अर्ज म्हणून दाखल करून घेतले. पण खरे-खोटे पाहायचे कोणी? पोलिसांविरुद्धच्या तक्रारीची शहानिशा पोलिसांकडे देता येत नव्हती. न्यायालयाने तो भार मुंबईच्या निर्मला निकेतन समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिका डॉ. आर्माइटी देसाई यांच्यावर टाकला: त्यांनी कारागृहात जावे, इतर कोणी हजर नसताना स्त्रियांशी बोलावे आणि अहवाल द्यावा. तो अहवाल आला, आणि न्यायालयाने सामाजिक आणि विधिविषयक अशा दुहेरी अंगाचा दस्तऐवज म्हणून त्याचा गौरवाने उल्लेख केला. स्त्रियांना काय भोगावे लागले एवढ्यावरच तो थांबला नव्हता. कैद्यांना कायद्याची मदत मिळत नाही, आणि मदतीच्या नावाखाली वकिलाने परदेशी स्त्रियांची फसवणूक केली आहे, इथपर्यंत तो गेला होता. 15 फेब्रुवारी 1983 रोजी न्यायमूर्ती भगवती यांच्या पीठाने दिलेल्या निर्णयात स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या व त्यांवर स्त्री-शिपायांचा पहारा, स्त्रियांची चौकशी स्त्री-पोलिसांच्या समक्षच, अटक होताच विधिसाहाय्य समितीला खबर, आणि अटक झालेल्याला दंडाधिकाऱ्याने छळाची तक्रार आहे काय असे विचारणे, ही सारी फर्माने आली. कारागृहात जाऊन अश्रू पाहणारे पुष्कळ असतात. त्या अश्रूंतून कोणते कलम पायदळी तुडविले गेले हे जिला दिसले, तिच्याच अहवालावर हुकूम लिहिता आला.

त्याच्या पुढच्याच वर्षी, 1984 साली, मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा संस्थेच्या पुढाकाराने स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष कक्ष उघडला, आणि समाजकार्यकर्ती पोलिसांच्याच इमारतीत मेज मांडून बसू लागली. तिच्यापुढे येणाऱ्या बाईला समेट हवा की फिर्याद, पोटगी हवी की घराचा ताबा, हे ऐकून घेताना कोणत्या मागणीला कोणते कोर्ट हे जर कार्यकर्तीला ठाऊक नसेल, तर बाई ज्या वाटेने आली त्याच वाटेने, फक्त आणखी एका समजुतीचा भार घेऊन, परत जाते. गुप्ततेचेही तसेच आहे. वर्गात शिकविले जाते की अशिलाने सांगितलेले कोणाला सांगू नये. वकिलाच्या गुप्ततेला पुराव्याच्या कायद्याचे कवच आहे, समाजकार्यकर्त्याच्या गुप्ततेला नाही. आणि 2012 च्या बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या अधिनियमाने तर असा गुन्हा कळूनही न कळविणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली आहे. मुलीला वचन देण्यापूर्वी हे माहीत असलेले बरे.

दरम्यान समाजसेवकाची खुर्ची कोर्टाच्या दालनात हळूहळू पुढे सरकत होती. 1927 साली तो दाराशी अहवाल घेऊन उभा होता. 1986 च्या बाल न्याय अधिनियमाने देशभर एकच कायदा केला तेव्हा दंडाधिकाऱ्यांच्या मदतीला दोन मानद समाजसेवकांची तालिका आली, त्यांतील एक स्त्री. 2000 च्या अधिनियमाने बाल न्याय मंडळ निर्माण केले: एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक, तिघांचे मिळून एक पीठ. मतभेद झाल्यास बहुमताप्रमाणे निर्णय होतो, आणि बहुमतच होत नसेल तेव्हा प्रधान दंडाधिकाऱ्याचे मत चालते. म्हणजे दोघा समाजसेवकांचे एकमत झाले तर ते न्यायाधीशालाही मतदानाने हरवू शकतात. 2015 च्या अधिनियमाने यात आणखी भर घातली. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल तर त्याची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची जाण पाहून त्याला प्रौढासारखा चालवावा की काय याचे प्राथमिक मूल्यमापन याच मंडळाने करावयाचे आहे. ज्याला दहा वर्षांपूर्वी कायद्याचा तास कंटाळवाणा वाटला होता, त्याच्याच सहीने एखाद्या सतरा वर्षांच्या मुलाचा खटला मोठ्यांसारखा चालविण्यासाठी बाल न्यायालयाकडे वर्ग होतो.

आता त्याच पेशाची दुसरी शाखा पाहावी, जिच्याविषयी संस्थांच्या स्मरणिकांत फारसे लिहिलेले नसते. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणाआड वसाहती झाल्या, आणि त्यांतील काहींचा कारभार मिशनरी मंडळींकडे सोपविण्यात आला. तेथे शाळा होती, उद्योग होता, दवाखाना होता. आणि दिवसाची हजेरीही होती. जन्माने गुन्हेगार ठरविलेल्या माणसाला सुधारण्याचे हे काम करणाऱ्यांत कळकळीची माणसे पुष्कळ होती. तो कायदा 1952 च्या ऑगस्टअखेर रद्द झाला. पण कुंपणाची सवय इतक्या लवकर सुटत नाही. मुंबईत 1945 साली भिक्षेकऱ्यांविषयी कायदा झालाच होता. त्याच्या जागी 1959 चा मुंबईचा भीक प्रतिबंध अधिनियम आला. त्यातील भीक मागण्याची व्याख्या कोणत्याही विद्यार्थ्याने एकदा सावकाश वाचावी. हात पसरणारा तिच्यात आहेच. त्याशिवाय सार्वजनिक जागी गाणारा, नाचणारा, भविष्य सांगणारा, कसरती करणारा, भीक मिळावी म्हणून वस्तू विकण्याचे निमित्त करणारा, आणि उदरनिर्वाहाचे दृश्य साधन नसता अशा रीतीने भटकणारा की हा भीक मागूनच जगत असेल असे वाटावे, इतके सारे तिच्यात मावतात. महाराष्ट्राच्या गावोगावी ज्यांना आपण वासुदेव, पोतराज, डोंबारी, नंदीवाले म्हणून दारी येऊ दिले, त्यांच्यापैकी कितीजण या व्याख्येबाहेर राहतील, हे ज्याने त्याने पाहावे. पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, दंडाधिकाऱ्याने थोडक्यात चौकशी करावी, आणि पहिल्या खेपेस एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवावे. पुन्हा पुन्हा सापडल्यास ही मुदत दहा वर्षांपर्यंत जाते. भिक्षेकऱ्यावर अवलंबून असलेल्यांनाही अडकवून ठेवण्याची तरतूद त्यात आहे.

चेंबूरच्या भिक्षेकरी गृहाच्या फाटकावर जे पाटीने सांगितले जाते ते पुनर्वसन. हा अधिनियम 1960 साली दिल्लीला लागू करण्यात आला, आणि 8 ऑगस्ट 2018 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याची भीक मागणे हा गुन्हा ठरविणारी कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य म्हणून रद्द केली. माणसाला अन्नवस्त्र पुरविण्यात राज्य कमी पडले याची सजा त्या माणसाला देता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. ज्या शहराने हा कायदा जन्माला घातला तेथे तो दफ्तरात तसाच आहे. त्याच्या पाचव्या कलमाप्रमाणे हुकूम लिहिण्यापूर्वी दंडाधिकाऱ्याने भिक्षेकऱ्याचे वय व चारित्र्य, त्याची राहणीची परिस्थिती आणि परिवीक्षा अधिकाऱ्याने दिलेला अहवाल या गोष्टी विचारात घ्यावयाच्या आहेत.